कलावंतिणीचा सुळका, दोघांनी

पनवेलजवळच्या कलावंतिणीच्या सुळक्याच्या माथ्यावर विवर नाही, राखेचा उतार नाही, गंधकाचा वास नाही. तरीही पायथ्याच्या ठाकूरवाडीतून निघाल्यापासून माथ्यापर्यंत पाऊल पडतं ते लाव्हावरच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून हा लाव्हा वर आला, पाण्यासारखा पसरला, थिजला आणि त्याच्या पाठीवर पुढचा येऊन बसला. एका तोंडातून उसळून शंकूसारखा डोंगर उभा राहावा, तसं इथे झालं नाही. थरांवर थर साचले; आज त्यांनी झाकलेला प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. पुढे पावसाने आणि ओढ्यांनी ते कोरले. जे कोरून निघालं ते कोकणात वाहून आलं, जे टिकलं ते प्रबळगड, इर्शाळगड, माथेरान आणि हा सुळका.

हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं नाही. कुठे हात घालायचा, कुठे थांबायचं, दोघांत किती अंतर ठेवायचं, हे पायाखाली लाव्हाचा कोणता भाग आहे त्यावर ठरतं. दहा जणांच्या चमूत चुकलेलं सावरायला कोणीतरी असतं. दोघांत एक अडकला की दुसराच काय तो बचाव पथक. म्हणून दोघांनी जाताना दगड वाचता आला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

आम्ही अलिबागकडून जातो. किनाऱ्यावरच्या लोकांना या वाचनाची सुरुवात घराजवळ करता येते. मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खडकात आरपार गेलेल्या सरळ, काळ्या भिंती दिसतात. जुन्या थरांच्या भेगांत खालून लाव्हा घुसून गोठला, त्याच्या या भिंती. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. मुंबई-उरणकडे लाव्हाचे थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत, तर माथेरानच्या डोंगरात ते जवळजवळ आडवे आहेत. हा बाक पनवेलच्या आसपास येतो आणि पनवेल फ्लेक्शर याच नावाने तो ओळखला जातो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शेडुंग फाट्याजवळ उभं राहून समोर पाहिलं की प्रबळगडाचा रुंद माथा, त्याच्या डाव्या अंगाला इंग्रजी व्हीसारखी खिंड आणि खिंडीपलीकडे सुळका दिसतो. दोन्हीकडच्या कड्यांवरच्या आडव्या रेघा म्हणजे थरांच्या सीमा. चढायच्या आधी पाच मिनिटं त्या रेघा बघून घ्याव्यात. उभा काळा पट्टा आला की तिथे कडा किंवा पायऱ्या असणार, हिरवा झुडपी पट्टा आला की तिथे पदर किंवा माची, म्हणजे कड्याखालची सपाटी, असणार.

असं का होतं? लाव्हाचा प्रत्येक थर वरून-खालून सारखा नसतो. मधला गाभा सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट, काळा आणि जड असतो. थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. त्यामुळे तो झिजतो तेव्हा उभ्या चिरा, म्हणजे दोन भेगांमधले दगडाचे तुकडे, सुटून पडतात आणि मागे सरळ भिंत उरते. थराच्या वरच्या पाठीत वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, ती जाळीदार होते. त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं बसतात. दगडात दिसणारे पांढरे दाणे ते हेच, बहुतेक झिओलाइट. हा भाग लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो. दोन लाव्हांच्या मध्ये मोठा काळ गेला असेल तर जुन्या पाठीची माती होऊन ती पुढच्या लाव्हाच्या उष्णतेने भाजली गेली, तोच विटकरी लाल पट्टा. घट्ट, जाळीदार, लाल, या तीन गोष्टी ओळखता आल्या की पुढची वाट निम्मी कळली.

मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. ऑक्टोबरात सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ ओलं असतं आणि कारवीत, गवतात गांधीलमाश्यांची पोळी लोंबत असतात. मार्चनंतर कातळ तापतो आणि खाडीकडून येणारी दमट हवा घाम वाळू देत नाही. पावसाळ्यात आम्ही हा सुळका करत नाही, आणि करू नये असंच सांगतो. मुरूम पाणी पिऊन जड होतो, खालच्या घट्ट कातळात पाणी मुरत नाही आणि त्या दोघांच्या सांध्यावरून उतार सुटतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मुसळधार पावसात या उतारांखाली उभं राहणं म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळं सांगायला नको. प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती पाळायची, आडवाट शोधायची नाही.

सामानाची वाटणी आधी घरी होते. तिचा नियम सोपा आहे: ज्याच्यावाचून एकट्याला खाली येता येणार नाही, ते दोघांकडे वेगवेगळं हवं. पाणी, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, हेल्मेट, थोडा कोरडा खाऊ, चार्ज केलेला फोन. एकाच्या पिशवीत दोघांचं पाणी आणि दुसऱ्याच्या पिशवीत दोघांचं जेवण, ही वाटणी सर्रास दिसते आणि दोघं वेगळे पडले की दोघंही अडतात. दोघांत मिळून एक चालेल असं थोडंच असतं: प्रथमोपचाराची पिशवी, दोर, सुरी, एक मोठी पातळ चादर. चादर मधमाश्यांसाठी, तिच्याबद्दल पुढे.

दोर २० मीटरचा, १० मिलिमीटर जाडीचा, चढाईचा, म्हणजे ताण आल्यावर थोडा लांबणारा. त्याबरोबर कमरेला-मांड्यांना आवळायचे दोन हार्नेस, १२० सेंटीमीटरच्या दोन टेप स्लिंग (पट्टीचे फास) आणि चार स्क्रू कॅरॅबिनर, म्हणजे स्क्रूने बंद होणाऱ्या धातूच्या कड्या: एकेक कमरेला, एक अँकरला, म्हणजे खडकाला बांधलेल्या आधाराला, एक बिलेसाठी, म्हणजे चढणाऱ्याला दोराने धरून ठेवण्यासाठी. बांधकामाचा किंवा होडीचा नायलॉन दोर आमच्याकडे किनाऱ्यावर घरोघरी असतो. तो इथे आणू नये. वजन उचलायला तो चांगला, पण घसरलेल्या माणसाला झेलताना त्याचा झटका कसा बसेल याचा भरवसा नाही, आणि धारेवर घासून तो किती झिजलाय हेही कळत नाही.

बूट रबरी तळाचे, बोटांपाशी घट्ट. नवीन बूट घालून येऊ नये. टाच सोलली की माणूस पाय वाकडा टाकतो आणि पायऱ्यांवर वाकडा पाय चालत नाही. पिशवी पाण्यासकट सहा किलोच्या आत. बाहेर काहीही लोंबतं ठेवायचं नाही, बाटलीसुद्धा आत.

पाणी माणशी तीन लिटर. कोकणातल्या हवेत नुसतं पाणी पुरत नाही, मीठ लागतं. ओआरएसची पूड असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायची, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट नाही. पूड नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एका बाटलीत पाणी घातलेलं कोकमाचं आगळ नेलं तर उत्तम, त्यात मीठ असतंच आणि उन्हात साध्या पाण्याचा कंटाळा आला तरी ते घशाखाली उतरतं.

पनवेलपर्यंत एसटी किंवा रेल्वे, पुढे ठाकूरवाडीची एसटी किंवा रिक्षा. ठाकूरवाडीत नोंद करावी लागते. वेळा आणि नियम मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी माचीवरच्या घरी फोन करून विचारून घ्यायचं. आम्ही दुपारी साडेतीनच्या सुमारास चढायला लागतो आणि प्रबळमाचीवर मुक्काम करतो. माचीवर ठाकर समाजाची वस्ती आहे, घरगुती जेवण आणि अंथरूण मिळतं. मुक्कामाचे दोन फायदे. पायऱ्या पहाटेच्या गारव्यात आणि गर्दीच्या आधी होतात. शिवाय सुळक्याचं पाणी माचीवर भरता येतं, ते पायथ्यापासून वाहावं लागत नाही.

ठाकूरवाडी ते माची दीड ते दोन तास. वाट रुंद, मळलेली, चुकायला जागा कमी. अवघड काही नाही, पण पुढचा दिवस बिघडतो तो इथेच. पहिल्या अर्ध्या तासात दोघं एकमेकांच्या वेगाशी झगडतात. वेगवान माणूस पुढे जाऊन थांबतो, मागचा धापा टाकत पोहोचला की लगेच निघतो. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. उपाय एकच, हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग. दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं, त्याहून जास्त बसलं की अंग गार पडतं. माचीच्या अलीकडे कातळात कोरलेले गणपती आणि मारुती लागतात. तिथून वस्ती जवळ.

माची हीच मुळात लाव्हाच्या थरांची देणगी. खालचा घट्ट थर टिकला, वरचा मऊ भाग मागे झिजत गेला आणि मध्ये शेती-घरांपुरती सपाटी उरली. इथे संध्याकाळी उजेड असताना एक काम करायचं: सुळक्याकडे तोंड करून खिंडीपर्यंतची वाट डोळ्यांनी आखून ठेवायची आणि माचीवरच्या माणसाला दोन प्रश्न विचारायचे. शेवटच्या टप्प्यावर दोर बांधलेला आहे का? आणि मोहोळ कुठे आहे? डोंगर रोज बघणाऱ्या माणसाच्या तोंडची बातमी आठवडाभर जुन्या व्हिडिओपेक्षा खरी असते.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. साडेसहाला निघालं तर पहिली दहा-पंधरा मिनिटं बॅटरी लागते. परतीची वेळ इथेच ठरवायची आणि मोठ्याने बोलून ठरवायची. आमची वेळ साडेदहा. साडेदहाला जिथे असू तिथून मागे, माथा दहा पावलांवर असला तरी. ही वेळ खाली ठरवावी लागते, कारण वर गेल्यावर दमलेला माणूस "झालंच आता" म्हणतो आणि दुसऱ्याला त्याचं मन मोडवत नाही.

माचीपासून खिंडीपर्यंत साधारण अर्धा-पाऊण तास. हा नाळेतला, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतला चढ आहे. वरून सुटलेल्या चिरा नाळेत येऊन पडलेल्या असतात, त्यांच्यामध्ये मुरूम. मुरमावर पाय तिरका टाकला की गोट्यांवरून जावा तसा घसरतो. पूर्ण तळवा टेकवायचा, लहान पावलं टाकायची आणि मोठ्या धोंड्यावर चढायच्या आधी त्याला हाताने ढकलून बघायचं. मोठा म्हणजे पक्का, असं नाही. खाली मुरूम धुऊन गेला असेल तर पलंगाएवढा धोंडाही डुगडुगतो.

दोघांतल्या अंतराचा नियम इथून लागू होतो. अंतर दोनच चालतात. एकतर हाताला हात लागेल इतकं जवळ, नाहीतर एक जण नाळेच्या बाजूला, कड्याला चिकटून आडोशाला उभा आणि दुसरा चालतो. दहा-पंधरा फुटांचं मधलं अंतर सगळ्यांत वाईट. पुढच्याच्या पायाखालून सुटलेल्या दगडाला तेवढ्यात वेग मिळतो आणि मागच्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. हाताच्या अंतरावर असलो तर दगड वेग घेण्याआधीच पायाला लागून थांबतो. दगड सुटला की ज्याच्या पायाने सुटला त्यानेच "दगड!" म्हणून ओरडायचं, छोटा असला तरी. खालच्याने वर बघायचं नाही. हनुवटी छातीला, पिशवी डोक्यामागे आणि अंग कातळाला. हेल्मेट नाळेच्या सुरुवातीलाच चढवायचं, पायऱ्यांपाशी नाही.

खिंडीत वारा असतो. इथे काठ्या दुमडून पिशवीत जातात, कमरेचा पट्टा आवळला जातो, बुटांच्या नाड्यांचे लोंबते फास आत खोचले जातात. दोन घोट पाणी आणि पुढे पायऱ्या.

पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, वळणं घेत वर जातात. कठडा नाही. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या, काही त्याहून उंच, बाहेरची कड झिजून उताराला लागलेली. चढाईचं कौशल्य इथे फारसं लागत नाही. लागतं ते दरी दिसत असताना पाय नेहमीसारखा टाकण्याचं. हात आणि पाय मिळून चार आधार. त्यातले तीन कातळावर असतील तेव्हाच चौथा हलवायचा. हात वरच्या पायरीवर सपाट टेकवायचा, कडेला बोटं अडकवून ओढायचं नाही. जाळीदार, पांढऱ्या दाण्यांच्या दगडावर बुटाची पकड छान मिळते, पण त्याचे टोकदार उंचवटे मोडून हातात येतात. घट्ट काळा कातळ मोडत नाही, मात्र हजारो पायांनी तो गुळगुळीत झालेला असतो आणि त्यावर बारीक धूळ असली की सरकतो. पाय टेकवण्याआधी बुटाने धूळ बाजूला सारायची. उभ्या भेगांमधली एखादी चीर धरायची असेल तर आधी बोटांच्या मागच्या सांध्यांनी ठोकायची. टणक, बारीक आवाज आला तर ती डोंगराला जोडलेली आहे. आवाज पोकळ आला तर चीर सुटलेली आहे; हात लावायचा नाही आणि मागच्यालाही सांगायचं.

क्रम असा: चढताना ज्याचा हात कमी सरावलेला तो पुढे, सरावलेला त्याच्या लगेच मागे, एक पायरी खाली. मागून त्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगता येतं. मात्र धरून ढकलायचं नाही. ढकललेला माणूस पाठीवर वजन टाकतो आणि मग दोघांचाही तोल जातो.

दरीची भीती वाटली तर त्यात कमीपणा काही नाही, पण ती वेळेवर बोलून दाखवायची. तिची पहिली खूण पायात दिसते. चवड्यावर उभा असलेला पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागतो. पोटरीवर सतत ताण राहिल्याने तसं होतं. टाच खाली सोडायची, गुडघा सरळ करायचा, तीन-चार श्वास सावकाश सोडायचे, थरथर थांबते. दुसऱ्याने अशा वेळी "खाली बघू नकोस" म्हणू नये. खाली पाय असतात आणि ते बघावेच लागतात. "डावा पाय अर्धा फूट वर, तिथे सपाट आहे", इतकं नेमकं सांगितलं की डोकं कामाला लागतं. तरीही पाय उचलत नसेल तर तिथेच बसवायचं, पाठ कातळाला, आणि खाली उतरायचं. मन वळवत बसायचं नाही.

समोरून लोक येत असतील तर उभं राहायचं ते डोंगराच्या बाजूला, अंग कातळाला लावून. बाहेरच्या बाजूने ओलांडून जाऊ द्यायचं नाही, मग तो कितीही घाईत असो. शनिवार-रविवारी दहानंतर या पायऱ्यांवर दोन्ही दिशांनी रांग लागते, आणि आम्ही पहाटे निघण्याचं खरं कारण तेच आहे.

पायऱ्या संपल्या की माथ्याआधी साधारण पंचवीस-तीस फुटांचा कातळ येतो. इथे पायऱ्या नाहीत, खोबणी आहेत. कोरडा असेल तर चढायला सोपा. सोपा आहे म्हणूनच लोक विचार न करता चढतात आणि उतरताना अडकतात. चढताना खोबणी डोळ्यांसमोर असतात. उतरताना त्या बुटाखाली जातात आणि दिसत नाहीत.

बहुधा इथे आधीचा एखादा दोर बांधलेला असतो. त्यावर अंगाचं वजन टाकू नये. उन्हाने नायलॉन कुजतो. रंग उडालेला, हाताला कडक किंवा केसाळ लागणारा, धारेवर घासून चपटा झालेला दोर तोल सावरण्यापुरताच धरायचा. त्याची वरची गाठ कोणी, कधी, कशाला बांधली हे खालून दिसत नाही.

दोघांनी इथे कसं जायचं हे उलट्या बाजूने ठरवायचं, उतरण्यापासून. उतरताना कमी सरावलेला आधी उतरतो, वरून दोराच्या आधाराने. शेवटचा जो उरतो त्याला वरून धरायला कोणी नसतं. म्हणून हा कातळ दोराविना उतरू शकेल असा दोघांत एक तरी असेल, तरच वर जायचं. तोच आधी चढतो. असा कोणी नसेल तर कातळाखाली थांबायचं, तिथूनही सगळं दिसतं. वर न हलणारा, धार नसलेला भक्कम खडक मिळाला तर शेवटच्याला दुहेरी दोराने उतरता येतं. २० मीटर दोर दुहेरी केला की १० मीटर उरतो, म्हणजे तीस फुटांना जेमतेम. म्हणून दोन्ही टोकांना गाठ हवीच, नाहीतर दोर संपल्याचं हातातून निसटल्यावरच कळतं.

पहिला वर पोहोचला की आधी अँकर. दोन स्लिंग दोन वेगळ्या खडकांना, दोन्ही एका स्क्रू कॅरॅबिनरमध्ये, स्क्रू फिरवून बंद. खडक आधी पायाने ढकलून, मग ठोकून तपासायचा. स्वतःला अँकरला जोडून मगच कडेजवळ यायचं आणि पाय टेकवून बसायचं. बिले मुंटर हिचने, म्हणजे कॅरॅबिनरमध्येच घेतलेल्या सरकत्या गाठीने, वेगळं उपकरण लागत नाही. खालच्याने आठाची गाठ मारून दोर हार्नेसला बांधायचा आणि गाठ नीट बघून घ्यायची. वरच्याला ती दिसत नाही, म्हणून खालच्याने ती मोठ्याने सांगायची. मग ठरलेले शब्द, तेवढेच: "बिले तयार?" "तयार." "चढतो." "चढ." मध्येच दोर हवा असेल तर "ढील", आवळायला हवा असेल तर "ताण". वाऱ्यात लांब वाक्यं ऐकू येत नाहीत, आणि "सोड" हा शब्द तर वापरूच नये. ढील द्यायची की दोरच सोडायचा, असा दोन अर्थांचा शब्द इथे धोक्याचा. बिले देणाऱ्याच्या दोरात झोळ राहता कामा नये. हातभर झोळ म्हणजे घसरल्यावर हातभर पडणं, आणि इतक्या छोट्या कातळावर तेवढ्यात गुडघा फुटतो.

माथा छोटा आहे. सुमारे २२५० फूट. माथेरान, चंदेरी, पेब, इर्शाळ, कर्नाळ्याचा अंगठा, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला खाडीची रेघ. शिमग्याला माचीवरचे ठाकर इथे येऊन नाचतात. त्यांच्या या जागेवर प्लास्टिक टाकणं आणि नावं कोरणं हा त्यांचा अपमान आहे. समोर प्रबळगडाच्या कड्याकडे नीट पाहिलं तर आपण चढून आलो ते थर तिकडेही त्याच उंचीवर दिसतात. मधली खिंड नंतर कोरली गेली. एके काळी हा सुळका आणि तो गड एकच सलग पठार होतं. अर्धा तास पुरे. कडेपासून एका माणसाच्या उंचीएवढं आत राहायचं.

उतरताना पायऱ्यांवर क्रम उलटा होतो: सरावलेला खाली, कमी सरावलेला वर. उंच पायऱ्यांवर तोंड कातळाकडे करून, शिडी उतरावी तसं. दरीकडे तोंड करून बसत-घसरत उतरणारे खूप दिसतात. त्यात पिशवी मागच्या पायरीला आपटते आणि माणूस पुढे लोटला जातो. मांडीत गोळे येतात ते बहुतेक इथे किंवा नाळेत, कारण मीठ सकाळपासून घामावाटे गेलेलं असतं आणि मांड्या ब्रेकचं काम करतात. गोळा आल्यावर नव्हे, तर खिंडीत पोहोचताच अर्धा लिटर ओआरएस किंवा आगळ प्यायचं. खिंडीखाली कारवीत गुरांच्या वाटा फुटतात. दोन मिनिटं चालून वाट पातळ झाली, फांद्या छातीला लागू लागल्या, तर पुढे जाऊन बघायचं नाही. शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे यायचं, दोघांनीही. "तू थांब, मी बघून येतो" यातून दोघं दोन ठिकाणी हरवतात.

मधमाश्या. या सगळ्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सुगंधी तेल, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन, यांनी माश्या उठतात. मोकळ्या वाटेवर असाल तर तोंड झाकून लांब निघायचं, हात झटकायचे नाहीत. पायऱ्यांवर मात्र पळायचं नाही. कातळाला चिकटून बसायचं, दोघांवर मिळून ती मोठी चादर, तोंड गुडघ्यांत, आणि माश्या शांत होईपर्यंत हालचाल बंद. नंतर नांग्या जमेल तितक्या लवकर नखाने खरवडून काढायच्या. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय.

साप म्हटला तर कोकणात फुरसं. ते लहान असतं, दगडांत बसतं, आणि हात टेकवताना चावतं. म्हणून न दिसणाऱ्या फटीत हात घालायचा नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही नाही. अंगठी-कडं काढायचं, चावलेला भाग न हलेल असा ठेवायचा, १०८ ला फोन.

दोघांतला एक जखमी झाला तर दुसऱ्यापुढे प्रश्न येतो: थांबायचं की मदतीला जायचं? आम्ही उत्तर आधीच ठरवून ठेवतो. फोनला रेंज असेल तर ११२ आणि माचीवरचं घर, आणि थांबायचं. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. माची खालीच आहे, सकाळी आवाज पोहोचतो. सोडून जावंच लागलं तर जखमीला कडेपासून आत घ्यायचं, गरज पडली तर अँकरला बांधायचं, पाणी-शिट्टी-चादर हाताशी द्यायची आणि जागा कागदावर लिहून न्यायची. घाबरलेल्या माणसाला खाली पोहोचल्यावर "वरच्या पायऱ्यांवर" याखेरीज काही सांगता येत नाही.

घरी आल्यावर किनाऱ्यावरच्यांना एक जास्तीचं काम असतं. खारी हवा कॅरॅबिनरच्या स्प्रिंगमध्ये आणि स्क्रूमध्ये बसते, महिन्याभरात गेट, म्हणजे उघडणारी दांडी, अडकायला लागतं. ते कोमट गोड्या पाण्यात बुडवून, गेट पंचवीस-तीस वेळा उघडझाप करून धुवायचे आणि पूर्ण कोरडे झाल्यावर ठेवायचे. दोर गोड्या पाण्यात, लागलाच तर सौम्य साबण, आणि सावलीत पसरून वाळवायचा. उन्हात किंवा गच्चीच्या पत्र्यावर नाही. वाळल्यावर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून ओढून बघायचा. कुठे मऊ खड्डा, कडक गाठ किंवा आतला पांढरा धागा लागला तर तिथून तो कापायचा. कापून उरलेला दोर २० मीटरपेक्षा कमी भरला की तो या सुळक्यासाठी बाद.